एकच रेघ उमटल्यावर

आशाताईच्या पिशवीतल्या 'निश्चय' या गर्भचाचणीच्या किटवर दोन रेघा उमटल्या की पुढचा रस्ता आखलेला असतो. उपकेंद्रात नाव लागतं, लोहाच्या गोळ्या मिळतात, टीडीचं इंजेक्शन होतं, सोनोग्राफीची तारीख ठरते, मातृवंदना योजनेचा अर्ज भरला जातो. एकच रेघ उमटली तर आशाताई सांगते, "दिवस नाही गेले, ताई." आणि विषय संपतो. त्या ताईचा विषय मात्र संपलेला नसतो. तिची पाळी दोन-तीन महिने आलेली नाही. सकाळी मळमळतं, छाती भरून दुखते, पोट फुगलंय, जेवणावर वासना नाही, बसल्या जागी डोळा लागतो. सासूने मनात बारशाची तयारी सुरू केलेली असते. आणि पट्टी म्हणते, काही नाही.

पट्टी असं म्हणतच नाही, ही या लेखाची मुख्य गोष्ट. पट्टीने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. गर्भ नाही, तर पाळी का थांबली, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो विचारणारं माणूस सापडणं कठीण आहे, कारण आपली आरोग्यव्यवस्था बाईच्या गर्भाशयाकडे लक्ष देते ती त्यात मूल असेल तेव्हा, किंवा मूल नको असेल तेव्हा.

हे म्हणायला याच मातीतला पुरावा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग इथे आले, 'सर्च' ही संस्था उभी राहिली आणि त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायकांची नव्हे, गावात राहणाऱ्या बायकांची. स्त्रीरोगांचं मोजमाप तोवर दवाखान्याच्या दारात होत असे, आणि दारापर्यंत न पोचलेली बाई त्या मोजमापात नसे. ६५० जणींची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा आजार होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार होते, आणि आयुष्यात कधी तरी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हा निबंध जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्या काळात जगभरच्या धोरणांत 'स्त्रियांचं आरोग्य' म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच अर्थ होता. १९९४च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याची व्यापक व्याख्या झाली, त्याआधीच्या चर्चेत या दोन गावांचे आकडे जगभर फिरले होते.

त्यातली एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या बायकांनी आपणहून कोणतीच तक्रार सांगितली नव्हती. दुखणं अंगवळणी पडलं की ते दुखणं वाटत नाही, आणि सांगून उपयोग होत नाही हे कळलं की सांगणं थांबतं. पाळी चुकणं हे मात्र असं लक्षण आहे, की ज्याच्यासाठी बाई आपणहून आशाताईच्या दारी येते. आलेल्या बाईला एका रेघेवर परत पाठवणं म्हणजे हातात आलेली संधी घालवणं.

आधी पट्टीचं काम समजून घेऊ. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. बीज सुटल्यापासून रुजेपर्यंत सहा ते बारा दिवस जातात. पुढे या संप्रेरकाचं प्रमाण साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. ते लघवीत पुरेसं उतरलं की पट्टीवर दुसरी रेघ येते. १९२७मध्ये बर्लिनच्या अ‍ॅशहाइम आणि झोंडेक यांनी हेच संप्रेरक ओळखायला बाईची लघवी उंदरांना टोचली होती आणि उत्तर मिळायला काही दिवस लागत. आता पाच मिनिटं पुरतात. पण पाच मिनिटांच्या या चाचणीलाही वेळ साधावी लागते. बीज त्या महिन्यात उशिरा सुटलं असेल तर पाळीही उशिराच येणार असते. बाई दिवस मोजून म्हणते 'चुकली', आणि गर्भ असला तरी तो नुकता रुजलेला असतो. भरपूर पाणी पिऊन दुपारी दिलेली पातळ लघवी, मुदत संपलेलं किंवा उन्हात तापलेलं किट, यांनीही रेघ दगा देते. म्हणून पहिली एक रेघ अखेरची समजायची नाही. आठवड्याने, सकाळच्या पहिल्या लघवीवर, दुसरं किट. एवढ्याने बऱ्याच शंका मिटतात.

दोन प्रसंगी मात्र आठवडाभर थांबणं जिवावर बेतू शकतं. गर्भ नळीत रुजला असेल तर संप्रेरक रेंगाळत वाढतं आणि क्वचित पट्टी एकच रेघ दाखवते. ओटीपोटात एका बाजूला कळ, थोडं डागाळणं, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणं, ही लक्षणं असतील तर पट्टी काहीही म्हणो, बाईला त्याच दिवशी ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला हवं. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचं सर्वाधिक वापरलं जाणारं साधन बाईची नसबंदी आहे, म्हणून इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ऑपरेशननंतर दिवस जाणं दुर्मीळ, पण गेलेच तर ते नळीत गेलेले असण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त. "तिचं तर ऑपरेशन झालंय" या एका वाक्याने तपासणी थांबू नये. दुसरा प्रसंग द्राक्षगर्भाचा. त्यात बाळ वाढत नाही, वार द्राक्षांच्या घडासारखी फुगते आणि एचसीजी इतकं प्रचंड होतं की पट्टीची रसायनं त्याखाली दबून एकच रेघ दाखवू शकतात. उलट्या अनावर, पोट दिवसांच्या मानाने मोठं, आणि चाचणी नकारार्थी, असं दिसलं तर डॉक्टर तीच लघवी पाणी घालून पातळ करून पुन्हा तपासतात, आणि सोनोग्राफी करतात.

आता मोठ्या घोळक्याकडे वळू. गर्भ खरोखरच नाही, तरी पाळी नाही.

पहिल्या रांगेत आहेत अंगावर पाजणाऱ्या आया. खेड्यात मूल दीड-दोन वर्षं पितं, आणि पाळी लांबते हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र बाळ सहा महिन्यांच्या आत आहे, ते फक्त आईच्याच दुधावर आहे आणि पाळी परतलेली नाही, या तिन्ही अटी असतील तोवरच त्या पाजण्याचा गर्भ टाळण्यासाठी भरवसा धरता येतो. पुढे पाळी येण्याच्या आधीच बीज सुटू शकतं, आणि बाई एकही पाळी न पाहता पुन्हा गरोदर होऊ शकते. म्हणून पाजणाऱ्या बाईची एक रेघ त्या दिवसापुरतीच खरी.

दुसऱ्या रांगेत सरकारच्याच हातून पाळी थांबलेल्या बायका. २०१७पासून सरकारी केंद्रांत 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि 'छाया' ही बिनसंप्रेरकांची गोळी फुकट मिळते. छायातलं औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं आणि बाजारात ते 'सहेली' म्हणून जुनंच आहे. तिने काहींची पाळी पुढे सरकते. अंतराचं तर कामच असं आहे, की वर्षभर घेणाऱ्या निम्म्याच्या आसपास बायकांची पाळी पूर्ण थांबते. त्यात अपाय काही नाही, रक्त आत साठत नाही. अस्तर पातळ राहतं म्हणून बाहेर पडायला काही नसतं. पण हे इंजेक्शनच्या आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरते. शिवाय त्यातलं संप्रेरक गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनचं जवळचं नातेवाईक, त्यामुळे पोट फुगणं, छाती दुखणं, वजन वाढणं अशी लक्षणंही जुळून येतात. इंजेक्शन बंद केल्यावरही पाळी आणि गर्भधारणा परतायला अनेक महिने लागू शकतात. इथे या जिल्ह्यांची स्वतःची एक अडचण आहे. दरवर्षी मिरची तोडायला कुटुंबंच्या कुटुंबं तेलंगणात जातात, उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम असतो. अंतराची तारीख अशा वेळी चुकते. पाळी तर नाहीच; आता ती इंजेक्शनने थांबली आहे की दिवस गेलेत, हे त्या परमुलखातल्या शेतावर कोणाला विचारायचं? कार्डावर तारखेच्या शेजारी 'पाळी थांबू शकते' हे मोठ्या अक्षरात, आणि माडिया-गोंडी बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत तोंडी, सांगितलं गेलं पाहिजे.

मग येते भूक. शरीराला मिळणारं अन्न आणि त्याने उपसलेले कष्ट यांचा हिशेब तोट्यात गेला, की मेंदूतलं केंद्र बीज सोडण्याचा हुकूम देणं थांबवतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला तेव्हा असंख्य बायकांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या कोसळली. शहरात हाच प्रकार धावपटू मुलींत आणि न जेवता बारीक होणाऱ्या मुलींत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या पाचांतली एक बाई तिच्या उंचीच्या मानाने कमी वजनाची आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम, घरी उरलंसुरलं खाणं, अंगावर पिणारं मूल: अशा बाईची पाळी थांबली तर तिचं वजन करणं आणि ती काय, किती जेवते हे विचारणं ही पहिली तपासणी आहे. या तपासणीला पैसे लागत नाहीत.

याच जागी एक सोपं उत्तर वाट अडवून बसलेलं असतं: "रक्त कमी आहे, म्हणून पाळी येत नाही." याच पाहणीत राज्यातल्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला, त्यामुळे हे उत्तर निम्म्याहून जास्त बायकांना बिनदिक्कत लावता येतं. पण एकट्या रक्तक्षयाने पाळी सहसा थांबत नाही. बहुतेकदा उलट असतं: जास्त जाणाऱ्या पाळीने रक्त कमी होतं. ज्या उपासमारीने किंवा दीर्घ आजाराने रक्त घटलं, त्यानेच पाळीही थांबलेली असू शकते. लोहाच्या गोळ्या द्याव्यातच, पण त्या दिल्या म्हणजे कारण सापडलं असं मानू नये.

थायरॉइड मंदावला तर पाळी बिघडते, अंग जड होतं, बद्धकोष्ठ होतो, झोप येते, वजन वाढतं. यातलं प्रत्येक लक्षण गरोदरपणाच्या खात्यावर लिहिता येतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन जास्त झरू लागलं तर पाळी थांबते आणि मूल नसताना छातीतून दूध येतं. अशा बाईला 'दिवस नाहीत' म्हणणं तिच्या डोळ्यांसमोरचा पुरावा नाकारण्यासारखं आहे. ती विश्वास ठेवणारच नाही, आणि तिचं चूकही नाही. प्रोलॅक्टिन वाढण्याचं कारण कधी छोटी गाठ असते, पण खूपदा ते औषधांच्या पाकिटात सापडतं. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी औषधं ते वाढवतात. त्याहून सहज मिळणारं कारण म्हणजे 'गॅसची गोळी': आम्लपित्ताच्या कितीतरी गोळ्यांत डॉम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड मिसळलेलं असतं, आणि दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. बाईला मळमळतं म्हणून ती मेडिकलमधून गोळी आणते, गोळीने पाळी लांबते, पाळी लांबली म्हणून मळमळ गर्भाची वाटते. 'तू कोणत्या गोळ्या घेतेस, पाकीट दाखव' हा प्रश्न इथे हजार रुपयांच्या तपासणीइतका मोलाचा आहे.

पीसीओएस या अंडाशयांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाविषयी आता इतकं लिहिलं-बोललं जातं, की इथे थोडक्यात आवरतो. पाळी लांबत जाणं, हनुवटीवर राठ केस, पुरळ, वाढतं वजन. चंद्रपूर, बल्लारपूरसारख्या गावांत कॉलेजच्या मुलींमध्ये हे निदान आता सर्रास ऐकू येतं. निदान खरं असेल तर मधुमेहाकडे लक्ष ठेवावं लागतं. मात्र सोनोग्राफीच्या कागदावर 'बारीक गाठी' असं लिहिलं गेलं म्हणून निदान पक्कं होत नाही, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिन पाहिल्याशिवाय तर नाहीच.

चाळिशीच्या आसपासच्या बाईचं निराळं. आपल्याकडे नैसर्गिक रजोनिवृत्ती साधारण ४६-४७व्या वर्षी येते, आणि त्याआधी काही वर्षं पाळी हुलकावण्या देते. नातवंडं मांडीवर असताना 'पुन्हा दिवस गेले की काय' या भीतीने रात्र रात्र जागलेली बाई कोणाला सांगणार? चाळिशीच्या आत पाळी कायमची थांबली तर मात्र ते वय झाल्याचं लक्षण मानू नये. त्याला तपासणी आणि उपचार हवेत, कारण पुढे हाडं ठिसूळ होतात.

जंगलपट्ट्यात दोन कारणं मुद्दाम आठवावी लागतात, कारण शहरातला डॉक्टर ती शेवटी आठवेल. एक क्षयरोग. तो गर्भाशयाच्या अस्तरात शिरला तर पाळी कमी कमी होत थांबते, नळ्या बंद होतात, आणि खोकला नसल्याने कोणालाच क्षयाची शंका येत नाही. पोटात क्षयाचं पाणी साठलं तर पोटही वाढतं, आणि मग पाळी नाही, पोट मोठं, पट्टी रिकामी असं चित्र तयार होतं. दुसरं कारण १९३७ साली हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरने मांडलं. बाळंतपणात फार रक्त गेलं की मेंदूतली संप्रेरक ग्रंथी रक्ताविना जळते. त्या बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, थकवा जात नाही, थंडी वाजते, आणि वर्षानुवर्षं ती 'बाळंतपणानंतर खचली' एवढंच म्हटलं जातं. घरी बाळंतपण आणि पूर आलेली नदी हे समीकरण जिथे अजून पूर्ण सुटलेलं नाही, तिथे हा आजार पुस्तकातला नाही. थांबलेली पाळी आणि मागच्या बाळंतपणातला रक्तस्राव यांची गाठ घालणारा प्रश्न विचारला तर निदान होतं. आणि साध्या, स्वस्त गोळ्यांवर ती बाई उभी राहते.

मुलींचं प्रकरण सगळ्यात नाजूक. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, दर महिन्याला पोट दुखतं, ओटीपोटात गोळा लागतो, पाळी दिसत नाही. गाव काय समजतं ते सांगायला नको. पण काही मुलींच्या योनिमार्गावरचा पडदा जन्मतःच बंद असतो. पाळी येते, रक्त आतच साठत जातं, गोळा वाढतो. छोट्या शस्त्रक्रियेने हे पूर्ण बरं होतं. पट्टी इथे एक रेघ दाखवते तेव्हा ती मुलीच्या अब्रूची साक्ष असते, आणि तेवढ्यावर थांबलं तर आजार तसाच राहतो. सिकलसेल या भागात घरोघरी ऐकू येणारा आजार आहे, आणि त्याच्या रुग्ण मुलींची पाळी उशिरा सुरू होते, हेही शाळेतल्या बाईंना माहीत असलेलं बरं.

इतकं सगळं तपासून झालं, आणि काहीच सापडलं नाही, तरी एखादीची पाळी थांबलेली, पोट वाढलेलं, बाळ हलल्याचं तिला जाणवतं. ही आभासी गर्भधारणा. इंग्लंडची राणी पहिली मेरी १५५५च्या वसंतात बाळंतपणासाठी दालनात जाऊन बसली, पाळणा तयार झाला, ऑगस्ट उजाडला तरी मूल नव्हतं. मूल होण्यावर जिथे बाईचं घरातलं स्थान टिकून असतं, तिथे हा प्रकार जास्त दिसतो. सततचा ताण आणि ओढ संप्रेरकांचं काम खरोखर बदलू शकतात, म्हणून तिचं पोट आणि तिची मळमळ ही नाटकं नसतात. मूल नाही म्हणून सवत येण्याची, माहेरी धाडलं जाण्याची भीती असलेल्या बाईच्या शरीराने केलेला तो आकांत असतो. मोरोक्कोत पोटातलं मूल 'झोपलं' आहे, ते पुढे कधी तरी जागं होईल, अशी समजूत होती, आणि तिच्या आडोशाने कितीतरी बायकांना दिलासा मिळाला.

आपल्याकडचा जुना दाखला त्याहून नेमका आहे. चरकसंहितेत रक्तगुल्माचं वर्णन येतं: पाळी अडते, मळमळ, अरुची, डोहाळे, स्तनांत दूध, पायांवर सूज, पोटात वाढणारा गोळा. खुणा सगळ्या गर्भाच्या, पण एक फरक सांगितला आहे. तो गोळा हलतो तेव्हा संपूर्ण पिंडच हलतो, हातापायांसारख्या अवयवांची हालचाल जाणवत नाही. गर्भ नसलेल्या अशा बाईला अजाण लोक गरोदर म्हणतात, असंही चरक नोंदवतो, आणि उपचार दहा महिने उलटल्यावर करा म्हणतो. न जाणो, आत खरंच मूल असलं तर त्याला अपाय होऊ नये, ही त्यातली काळजी उघड आहे. सोनोग्राफी नसलेल्या काळात वैद्याने बाईच्या तक्रारीला खोटं न म्हणता ती इतकी बारकाईने पाहिली, याचं मला फार मोल वाटतं. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर रिकामं गर्भाशय दाखवताना "बघ, काही नाहीये, उगाच मनाचे खेळ" असं म्हणणारे त्या वैद्याच्या मागे आहेत. पडदा तिला दाखवावा, जवळच्या माणसासमोर, सावकाश. आणि मूल का होत नाही याची तपासणी नवऱ्यासकट त्याच दिवशी सुरू करावी.

यापेक्षा मोठा धोका मेडिकलच्या काउंटरवर आहे. "पाळी आणायची गोळी" मागितली की मिळते. पाच दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी, मग रक्तस्राव, आणि सगळे निश्चिंत. ही गोळी डॉक्टरने विचार करून दिली तर ती तपासणीच असते: रक्तस्राव झाला तर अंडाशयांचं काम थोडंफार चालू आहे असं कळतं, झाला नाही तर शोध दुसरीकडे न्यावा लागतो. पण काउंटरवरून घेतली तर ती कारण झाकते, आणि तीन महिन्यांनी बाई पुन्हा तिथेच उभी असते. आपल्या देशाने याचा कडू अनुभव घेतला आहे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेची औषधं एके काळी गर्भ आहे की नाही हे पाहायला आणि पाळी आणायला सर्रास दिली जात. गर्भावर दुष्परिणाम होण्याची भीती होती. १९८२मध्ये सरकारने बंदी घालायचं ठरवलं, कंपन्या न्यायालयात गेल्या, स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळीने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९८८मध्ये ती बंद झाली. औषध बदललं, मागणी तीच राहिली. कारण बाईला पाळी 'आणायची' असते, आणि ती का गेली हे सांगणारं कोणी नसतं.

काउंटरवरून गुपचूप गोळी घेण्यामागे लपवाछपवीही असते, आणि तो प्रश्न या भागात आणखी गुंतागुंतीचा आहे. माडिया आणि गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१५मध्ये ही प्रथा संपवायला राज्य सरकारला सांगितलं. २०२१च्या सुमारास मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने पडक्या झोपड्यांच्या जागी पक्की, दिवा-पाण्याची कुर्माघरं बांधायला घेतली, आणि प्रथा मोडायची की सुसह्य करायची हा वाद सुरू झाला. त्या वादात एक बाजू राहून जाते. जिथे पाळी आलेली बाई सगळ्यांसमोर कुर्म्यात जाते, तिथे न जाणारी बाईही सगळ्यांना दिसते. तिची चुकलेली पाळी ही तिची खासगी बाब उरत नाही. लग्न झालेलं असेल तर अपेक्षा सुरू होतात, नसेल तर कुजबुज, विधवा असेल तर त्याहून वाईट. अशा गावात आशाताईकडे किट मागायला जाणं हेच धाडस आहे, आणि आशाताई त्याच गावची सून असते.

मग काय करता येईल? उपाय महाग नाहीत. एक रेघ आली की त्याच बैठकीत पाच-सात प्रश्न: शेवटची पाळी कधी, मूल पितं का, अंतरा-छाया किंवा दुसरी कोणती गोळी, छातीतून दूध येतं का, मागच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का, ताप-वजन घटणं आहे का, एका बाजूला दुखतं का. वजन आणि हिमोग्लोबिन. आठवड्याने दुसरं किट. नियमित पाळी येणाऱ्या बाईला तीन महिने, आणि मुळातच अनियमित असलेल्या बाईला सहा महिने पाळी आली नाही, तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसाठी रक्त, आणि सोनोग्राफी. आज आशाताईच्या वहीत जोडपी, गरोदर माता आणि बाळं यांच्या नोंदी बांधलेल्या आहेत. त्यात 'एक रेघ, पुढे काय झालं' असा एक रकाना वाढवायला कागद पुरेसा आहे.

अंतर ही खरी अडचण आहे. सिरोंच्याची बाई गडचिरोलीला यायची तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. हेमलकशात १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना, चातगावजवळ 'सर्च'च्या शोधग्रामचं दंतेश्वरी रुग्णालय, चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४मध्ये सुरू झालेलं गडचिरोलीचं, एवढी ठिकाणं या प्रचंड पट्ट्याला पुरवायची आहेत. पण थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांसाठी बाईने प्रवास करायची गरजच नाही. रक्ताची नळी प्रवास करू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घ्यायचं, थंड डब्यातून जिल्ह्याला पाठवायचं, आणि उत्तर परिचारिकेच्या फोनवर यायचं. बाईने प्रवास करायचा तो उत्तर हाती आल्यावर, ठरलेल्या तारखेला, सोनोग्राफी आणि डॉक्टर एकाच दिवशी भेटतील अशा बेताने, आणि गाडीभाडं गरोदर बाईला मिळतं तसं तिलाही मिळावं.